बावन्न पिकाचा हिशेब आणि पायथन

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कबनूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर ठरते. एक इंच कापडात आडवे धागे किती पडले, तो आकडा म्हणजे पीक. मजुरीवाढीची बोलणी ५२ पिकाचं कापड धरून चालतात. ५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे, असा दर ठरतो. कापड दाट असलं की माग जास्त वेळ खाणार, म्हणून पीक वाढलं की मीटरचा दरही चढतो. मग दिवाणजी कुणाच्या मागावरून किती मीटर उतरलं ते वहीतून काढतो, उचल वजा करतो आणि पगार करतो. त्रैराशिक, गुणाकार आणि वजाबाकी. यापलीकडचं गणित त्यात नाही.

हेच गणित पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायला घ्यावं. समजा, ५२ पिकाचा दर दीड रुपया आहे आणि मागावर ६४ पिकाचं कापड चालू आहे. पिकाच्या प्रमाणात दर काढला तर मीटरला १.८४६१५… रुपये येतात आणि ४१० मीटरचे होतात ७५६ रुपये ९२ पैसे. पण एखादा दिवाणजी असला अपूर्णांक ओढत बसणार नाही. तो आधी दरच १ रुपया ८५ पैसे करून टाकेल आणि मग मीटरने गुणेल. आता उत्तर येतं ७५८ रुपये ५० पैसे. फरक १ रुपया ५८ पैशांचा, तोही एका कामगाराच्या एका पगारात. प्रोग्राम दोन्ही वेळा बिनचूक चालला. आकडा कुठल्या पायरीवर पूर्ण करायचा, हे मात्र पायथनच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते पेढीवर जाऊन विचारावं लागतं.

विचारून आल्यावर पुढचा खड्डा तयारच असतो. पगार पूर्ण रुपयात द्यायचा म्हणून पायथनचं ‘राउंड’ हे फंक्शन वापरलं, तर ७५७.५० चे ७५८ होतात, पण ७५६.५० चे ७५६ च राहतात. ही चूक नव्हे. अगदी मधोमध आलेला आकडा पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतो. नेहमीच वर ढकललं तर मोठ्या बेरजांत फरक एकाच बाजूला साचत जातो, म्हणून ही पद्धत. संख्याशास्त्राला ती पटते. पण मागच्या पगाराला पन्नास पैशांचा रुपया झाला आणि या पगाराला का नाही, असं विचारणाऱ्या कामगाराला ती कशी पटवणार? त्याहून चमत्कारिक म्हणजे २.६७५ हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत आणायला सांगितला तर पायथन २.६७ देतो. कारण संगणक अपूर्णांक दोनच्या पायावर साठवतो आणि २.६७५ त्या पायावर नेमका बसत नाही. आत साठलेली किंमत २.६७५ हून किंचित कमी असते. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली की ०.३ च्या शेपटीला सतराव्या घरात एक ४ चिकटून येतो, तोही याच कारणाने. पायथनमध्ये यावर ‘डेसिमल’ नावाचं वेगळं मॉड्यूल आहे. पण त्यालाही आकडा अवतरणचिन्हांत, मजकुरासारखा द्यावा लागतो. नुसता दिला तर तो आधीच बिघडलेला आकडा इमानेइतबारे सांभाळत बसतो.

एवढं सगळं तीस-चाळीस ओळींच्या प्रोग्रामात घडतं. फ्लोट, म्हणजे दोनच्या पायावर साठवलेला अपूर्णांक, आणि डेसिमल यांतला फरक कुठल्याही क्लासमध्ये फळ्यावर पाच मिनिटांत सांगून होतो आणि परीक्षेनंतर तेवढ्याच वेळात विसरलाही जातो. पगाराच्या कागदावर दीड रुपयाचा घोळ निघाला आणि तो शोधताना रात्र गेली, की तो फरक जन्मात विसरला जात नाही.

क्लासमधले प्रोग्राम बहुतेक ठरलेले असतात: मूळ संख्या शोधा, फिबोनाचीची मालिका छापा, ताऱ्यांचा पिरॅमिड काढा. ते वाईट आहेत असं नाही. बोटांना सवय होते, ‘फॉर’ आणि ‘इफ’ अंगवळणी पडतात. पण या प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतात आणि खरं तर कुणालाच नको असतात. पिरॅमिड एका ताऱ्याने वाकडा आला म्हणून कुणाचं काही अडत नाही. म्हणून कित्येक मुलं एकामागून एक व्हिडिओ बघतात, सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. भाषा अंगात मुरते ती प्रोग्रामला कुणीतरी जाब विचारणारं असलं की. घरच्या कामासाठी लिहिलेल्या प्रोग्रामला तो जाब वापरणारा माणूस विचारतो; ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांना खुला ठेवणाऱ्या प्रकल्पांत, तो वाचणारा विचारतो. दोघांचे प्रश्न निराळे असतात आणि शिकणाऱ्याला दोन्ही लागतात.

मजुरीच्या प्रोग्रामात लवकरच कामगारांची नावं येतात, आणि नावं मराठीत लिहिली की धड्यांचा दुसरा हप्ता सुरू होतो. पायथन ३ ला देवनागरीचं वावडं नाही. चलाचं नाव सरळ ‘मजुरी’ ठेवता येतं. ‘५२’ असा देवनागरी आकडा ‘इंट’ला दिला तर तो निमूटपणे बावन्न समजतो, हे अनेक मुरलेल्या प्रोग्रामरनाही माहीत नसतं. पण ‘कबनूर’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येतं पाच. डोळ्याला अक्षरं दिसतात चार. युनिकोडमध्ये दीर्घ ऊकाराची मात्रा हे स्वतंत्र चिन्ह आहे: क, ब, न, मग ती मात्रा, मग र. ‘कोल्हापूर’ची लांबी भरते नऊ, कारण काना, मात्रा आणि पाय मोडण्याचं चिन्ह असं प्रत्येक जण वेगळा मोजला जातो. शब्द उलटा करायला सांगितला तर ‘कबनूर’चं ‘रूनबक’ होतं. न ला असलेली मात्रा उडी मारून र ला जाऊन बसते. इंग्रजी पुस्तकातला ‘शब्द उलटा करा’ हा पहिल्या आठवड्याचा प्रश्न मराठीत असा अवघड होऊन बसतो, आणि तो सोडवताना अक्षर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने नक्की काय, याचा छडा लागतो.

नावांची क्रमवारी लावताना तर संगणक उघडच चुकतो. हजेरीपटावर कासार आधी आणि काळे नंतर हवेत, कारण मराठी वर्णमालेत ळ हा ह च्याही पुढे आहे. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ ला ल च्या शेजारी जागा मिळाली आहे. पायथनचं ‘सॉर्टेड’ त्या तक्त्यातले क्रमांक बघतं आणि काळ्यांना कासारांच्या आधी बसवतं. यावर उपाय शोधायला निघालं की माणूस आपसूक ओपन सोर्सच्या अंगणात पोहोचतो. जगभरच्या भाषांचे क्रमवारीचे, तारखांचे, आकड्यांचे नियम सीएलडीआर नावाच्या खुल्या संग्रहात ठेवलेले आहेत, त्यात मराठीचेही आहेत, आणि आयसीयू नावाची खुली लायब्ररी ते नियम वापरून शब्द लावून देते. हे नियम माणसांनीच बसून लिहिले आहेत. त्यात खोट दिसली तर ती कळवायची सोयही आहे, आणि मराठीतली खोट मराठी माणसाशिवाय कुणाच्या ध्यानात येणार?

घरच्या गरजेतून प्रोग्रामिंगकडे वळलेल्यांत महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण मुंबईच्या रुषभ मेहता यांचं आहे. शिक्षण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं, घरचा व्यवसाय फर्निचरचा. कारखान्याचा सगळा कारभार, म्हणजे ऑर्डर, कच्चा माल, साठा, बिलं, एका सॉफ्टवेअरवर आणायचा पहिला प्रयत्न बाहेरच्यांकडून करून पाहिला, तो फसला. मग मेहता स्वतः प्रोग्रामिंग शिकले आणि लिहायला बसले. २००८ मध्ये त्यांनी मुंबईत वेब नोट्स नावाची छोटी कंपनी काढली. त्या कामातून पुढे ‘ईआरपीनेक्स्ट’ उभं राहिलं: पायथनमध्ये लिहिलेलं, जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुलं असलेलं व्यवसायाचं सॉफ्टवेअर. आज ते अनेक देशांतल्या कंपन्या वापरतात. त्याच्या बुडाशी असलेली ‘फ्राप्पे’ ही चौकट वेगळी काढून एमआयटी परवान्यावर दिलेली आहे, आणि कंपनीचं नावही पुढे तेच झालं.

या गोष्टीत यशापेक्षा जास्त बघण्यासारखी गोष्ट आहे ती ‘डॉकटाइप’ ही कल्पना. बिल, पावती, गिऱ्हाईक, माल, अशा प्रत्येक कागदासाठी वेगळा प्रोग्राम लिहीत बसण्याऐवजी त्या कागदाचं नुसतं वर्णन करायचं: यात तारीख आहे, रक्कम आहे, गिऱ्हाइकाचं नाव आहे. त्या वर्णनावरून पडद्यावरचा फॉर्म आणि डेटाबेसमधला तक्ता चौकट आपोआप बनवते. धंद्यातले कागद रोज हाताळणाऱ्या माणसाला असा विचार सुचणं स्वाभाविक आहे, कारण सगळे कागद शेवटी एकाच साच्याचे असतात, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. संगणकशास्त्राची पदवी नसणं ही इथे उणीव ठरली नाही. फर्निचरच्या कारखान्याची माहिती असणं हे भांडवल ठरलं.

मोठमोठ्या सॉफ्टवेअरच्या जन्मकथा काढून पाहिल्या तर त्या अशाच घरगुती निघतात. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स आपल्या नव्या ३८६ संगणकाचा प्रोसेसर नीट समजून घ्यावा म्हणून खटपट करत होता. त्यातून लिनक्स निघालं, आणि ऑगस्टमध्ये त्याने ते जाहीर केलं तेव्हा त्याला छंदापलीकडचं काही म्हणवलं नाही. खुद्द पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत हाताला उद्योग म्हणून सुरू केली. ‘कर्ल’ हे आज मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळीकडे असलेलं साधनही असंच जन्मलं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना चॅटवर चलनांचे विनिमय दर दाखवायचे होते, ते दर इंटरनेटवरून ओढून आणायला एक छोटा प्रोग्राम हवा होता. ब्राझीलच्या एकाने लिहिलेला प्रोग्राम त्यांना सापडला, त्यात ते सुधारणा करत गेले आणि शेवटी त्याचा सांभाळ त्यांच्याकडेच आला. विनिमय दर आणि पिकाचा दर यांत तसं फार अंतर नाही.

कबनूरच्या आसपास धंद्याच्या माहितीचं असं भांडवल भरपूर पडलेलं आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग चालू केला तो १९०४ मध्ये. त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८०४ मध्ये, फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला होता. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खाली राहतो. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तीच पुठ्ठ्याची युक्ती उचलली, हे संगणकाच्या इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात असतं. ते वाचायला पॅरिस-लंडनला जायची गरज नाही. जुन्या डॉबीच्या मागावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरताना पाहिली तरी पुरे. पट्टीच्या ज्या भोकात खुंटी ठोकली असेल तिथली वही, म्हणजे ताण्याचे धागे धरणारी चौकट, वर जाते. शेवटची पट्टी गेली की पुन्हा पहिली येते. ज्याने अशी साखळी भरली आहे त्याला ‘लूप’ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच शिकाऊ प्रोग्रामरला इकडे सुचवावासा वाटणारा दुसरा उद्योग विणीचा आहे. चौकोनी कागदावर डिझाइन मास्तर काढतात तशी वीण पडद्यावर छापायची. साधी वीण सोपी: ओळीचा क्रमांक आणि खांबाचा क्रमांक मिळवायचा, दोनने भागायचं, बाकी शून्य आली तर ताणा वर, एक आली तर बाणा, म्हणजे आडवा धागा, वर. दोनावर दोनचं ट्विल हवं असेल तर तीच बेरीज चारने भागायची आणि बाकी दोनपेक्षा कमी असेल तिथे चौकोन काळा करायचा. तिरपी रेघ आपोआप उमटते. बेरजेच्या जागी वजाबाकी केली की रेघ उलट्या बाजूला झुकते. भागाकाराची बाकी काढणारं टक्क्याचं चिन्ह बहुतेक पुस्तकांत ‘संख्या सम की विषम’ एवढ्या कामाला येतं आणि बाजूला पडतं. इथे त्या एका चिन्हावर अख्खं कापड विणून होतं. पुढे वह्यांमधली भरणी आणि डॉबीच्या पट्ट्या अशा दोन याद्या देऊन त्यावरून कापड काढायला सांगावं. यादीच्या आत यादी, म्हणजे मॅट्रिक्स, तिथे भेटते.

हा उद्योग आधी कुणी केला असेल का, असं शोधलं तर जग किती जवळ आहे ते कळतं. विणकामाचे आराखडे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावेत म्हणून १९९० च्या दशकात ‘विफ’ नावाचा साधा मजकुरी फाइलप्रकार ठरवला गेला. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. ती वाचणारी आणि त्यावरून वीण छापणारी ‘पायवीव्हिंग’ ही खुली पायथन लायब्ररी आहे. अमेरिकेत कोलोराडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या लॉरा डेव्हनडॉर्फ यांच्या प्रयोगशाळेने ‘एडाकॅड’ हे विणीचे आराखडे करायचं साधन खुलं ठेवलं आहे. त्यांचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. ज्याने स्वतः चाळीस ओळींत ट्विल छापून पाहिलं आहे त्याला दुसऱ्याच्या चार हजार ओळींत नेमकं काय शोधायचं हे ठाऊक असतं. तसं न करता थेट मोठा कोड उघडला तर दहा मिनिटांत डोळे फिरतात. आधी स्वतःचं वेडंवाकडं, मग दुसऱ्याचं नेटकं. वाचनाचा हा क्रम सहसा उलटा करू नये.

दुसऱ्याच्या प्रकल्पात हात घालण्याची रीत आता सगळीकडे जवळपास एकच आहे. गिटहब या संकेतस्थळावरच्या प्रकल्पाच्या पानावर ‘इश्यू’ म्हणजे अडचणींची यादी असते. नवख्यांना झेपतील अशा अडचणींवर बरेचदा तशी खूण केलेली असते. प्रकल्पाची आपली प्रत काढायची, ती आपल्या संगणकावर उतरवायची, आधी तो प्रकल्प आपल्याकडे चालतो का ते पाहायचं. पुष्कळांची पहिली संध्याकाळ यातच जाते, आणि ती वाया जात नाही. प्रकल्प उभा करण्याच्या सूचनांत काय राहून गेलंय हे नवख्यालाच दिसतं, आणि ती राहिलेली ओळ लिहून पाठवणं ही अगदी चांगली पहिली भर ठरते. मग बदल करायचा, चाचण्या चालवायच्या आणि ‘पुल रिक्वेस्ट’ पाठवायची: हा बदल मी केला आहे, पाहून घ्या. पुढे सांभाळणारा माणूस तो बदल ओळीओळीने वाचतो आणि विचारतो. हे नाव असं का ठेवलं? यादी रिकामी आली तर काय होईल? चाचणी कुठे आहे? कॉलेजात प्रोग्राम चालला की मार्क मिळतात. चालणाऱ्या प्रोग्रामवर कुणी वीस प्रश्न विचारत नाही. अशी तपासणी पैसे देऊनही सहज मिळत नाही, आणि इथे ती फुकट मिळते.

फुकट मिळतं म्हटल्यावर गर्दी आणि गैरवापर आलाच. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये त्यासाठी इतका केरकचरा येऊन पडला, माहितीच्या फाइलीत एखादा शब्द वाढव, स्वल्पविराम हलव, की सांभाळणारे वैतागले आणि आयोजकांना महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग नोंदवला असेल तिथलीच भर मोजायची. २०२४ च्या फेब्रुवारीत ‘एक्स्प्रेस’ या जावास्क्रिप्टच्या नामांकित प्रकल्पावर पुल रिक्वेस्टचा असाच पूर आला. एका व्हिडिओधड्यात दाखवलेली कृती बघून मुलांनी त्या प्रकल्पाच्या माहितीफाइलीत आपापली नावं घालून पाठवली होती. त्यात भारतातली मुलं मोठ्या संख्येने होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोष एकट्या मुलांना देणं मात्र अन्यायाचं होईल. नोकरीच्या अर्जात ‘ओपन सोर्स योगदान’ असा रकाना भरायला सांगणाऱ्यांनी ते योगदान उघडून वाचलं असतं, तर ही वेळ कदाचित आली नसती.

याच्या उलट वागणारी माणसंही आहेत. पुण्यात रेड हॅटमध्ये बरीच वर्षं काम केलेले पायथनचे कोअर डेव्हलपर कुशल दास यांनी आपल्या मूळ गावच्या, दुर्गापूरच्या, लिनक्स गटातर्फे २००८ पासून इंटरनेटवर मोफत उन्हाळी प्रशिक्षण चालवलं. त्यात पायथन लगेच येत नसे. आधी लोकांशी लिहून बोलायचं कसं, प्रश्न विचारायचा कसा, मग लिनक्सच्या आज्ञा, मग बदलांच्या नोंदी ठेवणारं गिट, भाषा त्यानंतर. आपल्याकडे प्रश्न विचारायची सवय शाळेतच मोडते, त्यामुळे हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. ‘चालत नाही, प्लीज मदत करा’ हा प्रश्न नव्हे. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एरर नेमकी कोणती आली, हे चार ओळींत मांडता आलं तर निम्म्या वेळा उत्तर मांडतानाच सापडतं.

जवळपास आधार शोधायचा तर सांगलीच्या वालचंद कॉलेजात विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स गट आहे, ‘डब्ल्यूलग’ या नावाने तो ओळखला जातो, आणि वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवतात अशी तिथली परंपरा. इचलकरंजीच्या राजवाड्यात भरणाऱ्या डीकेटीईमध्ये वस्त्रोद्योग आणि संगणक या दोन्ही शाखा एकाच आवारात आहेत. विणीच्या प्रकल्पाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. घरबसल्या शिकणाऱ्यासाठी मुंबई आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत: साधारण दहा मिनिटांचे छोटे धडे, त्यांतले बरेच मराठी आवाजात. अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्या पडद्यावर आपला प्रोग्राम ठेवून, थांबवत थांबवत करत जायचं, अशी त्यांची रचनाच आहे. त्याच संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं पायथनमध्ये लिहून दिली आहेत. ती तपासली गेली आणि मानधनही मिळालं. कोडची भीती वाटणाऱ्याने भाषांतरापासून सुरुवात केली तरी चालतं. फायरफॉक्सचा मराठी अवतार असाच स्वयंसेवकांनी घडवला आहे, आणि ‘सेव्ह’ला काय म्हणायचं यावर वाद घालता घालता प्रोग्रामच्या फाइली कशा रचलेल्या असतात हे कळत जातं.

आता प्रश्न उरतो तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसांचा. मजुरीचा प्रोग्राम लिहून दे म्हटलं की चॅटजीपीटी दहा सेकंदांत देतो, आणि तो चालतोही. पण आकडा दरावर पूर्ण करायचा की रकमेवर, हे तो विचारेलच असं नाही. बहुधा एक काहीतरी धरून मोकळा होईल. ज्याने तो घोळ एकदा निस्तरला आहे तो तेवढी ओळ आधी तपासतो. न निस्तरलेल्याला उत्तर बरोबर दिसतं. कर्लवाल्या स्टेनबर्ग यांनी २०२४ च्या जानेवारीत जाहीर तक्रार केली ती याच जातीची होती: यंत्राकडून लिहून घेतलेले सुरक्षेच्या त्रुटींचे अहवाल येतात, भाषा सफाईदार असते, आणि त्यात सांगितलेली त्रुटी अस्तित्वातच नसते. ती नाही हे सिद्ध करण्यात सांभाळणाऱ्याचा दिवस जातो.

स्वतःचा प्रोग्राम खुला करताना काही पथ्यं पाळावी लागतात. कामगारांची खरी नावं, उचल, फोन नंबर असलेली फाइल कोडबरोबर चढवू नये; गिट जुन्या नोंदी सांभाळून ठेवतं, त्यामुळे नंतर फाइल पुसली तरी मागच्या नोंदीत ती सापडते. व्यापाऱ्याने दिलेलं डिझाइन आपलं नसतं, तेही चढवू नये. आणि परवाना लिहायला विसरू नये: परवाना नसलेला कोड नुसता दिसतो, कायद्याने तो वापरायची मुभा कुणालाच नसते.

मग कुणीतरी आपला प्रोग्राम खरोखर वापरायला घेतो. समजा, मालेगाव किंवा भिवंडीतल्या एखाद्या मुलीने मजुरीचा हा प्रोग्राम उतरवून घेतला. तिच्याकडे दर ५२ पिकावर धरत नसतील तर तिला कोडमध्ये ५२ कुठे कुठे लिहिलंय ते शोधावं लागेल, आणि तो आकडा सात ठिकाणी सापडेल. ती इश्यू टाकेल: हा आकडा एकाच जागी का नाही? तो बाहेर काढून वेगळ्या सेटिंगच्या फाइलीत ठेवला, तोवर सोलापूरहून कुणी विचारेल की टॉवेल मीटरवर मोजायचे कसे, ते नगावर धरायचे की वजनावर. म्हणजे आता ‘मीटर’ हा शब्दच कोडमधून काढून त्या जागी ‘मोजमाप’ अशी काहीतरी गोष्ट आणायला हवी, दर काढायची रीत प्रत्येक गावाला वेगळी देता यायला हवी, आणि पहिल्या गावचा हिशेब या उलथापालथीत बिघडला नाही हे दाखवायला चाचण्या हव्यात. पायथनमधले ‘क्लास’ कशासाठी असतात, हे शिकायला एवढं कारण पुरेसं आहे.